पेटीच्या खोक्यातला फोम

अंगठ्याने फोम दाबायचा, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "आणिक बोटभर पायजे." एखादा माणूस वर्षानुवर्षं हे एकच वाक्य म्हणत राहील यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या अण्णांना पाहिलं असतंत तर बसला असता.

बसवकल्याणला अण्णांचं मोटारसायकलच्या सीट शिवायचं दुकान होतं. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत ते पेटी वाजवत, मी ढोलकी, आणि गायला त्यांची थोरली बहीण. तिला सगळं गाव अक्का म्हणे. पेटी चांगली होती, वाजवणारा बेताचाच. पण पेटीच्या लाकडी खोक्याला आतून फोम लावायचा नाद अण्णांना लागला आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला.

आधी साधा पातळ फोम होता. त्यावर जुन्या सीटचा फोम आला, मग लाल रेक्झिन, कोपऱ्यांत चिंध्या, झाकणाला उशी. कोहिनूर गावच्या रस्त्यावर जीप आदळून माझं डोकं टपाला लागलं तरी अण्णा हात फिरवायचे तो खोक्यावर. इतके लाड घरात नव्या सुनेचेही होत नाहीत.

शेवटी पेटी त्यात अशी ठासून बसली की निघेना. एकाने खोका पायांत धरायचा, दुसऱ्याने पेटी ओढायची आणि अण्णांनी बाजूला हात चोळत ओरडायचं, "हिसका कामून मारायलास? सूर हालंल की!" संतपूरला जयंतीच्या कार्यक्रमात मांडवभर माणसं, पाहुणे गळ्यात हार घालून बसलेले, आणि स्टेजवर आमची ही कुस्ती. अक्काने थोडी वाट पाहिली आणि पेटीविनाच दोन गाणी म्हणून टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

परतताना मी स्पष्ट म्हणालो, "अण्णा, ह्यो फोम काढून टाका."

"काढून कसं चालंल? आणिक बोटभर पायजे."

पुढच्या कार्यक्रमाला खरोखरच एक थर वाढला होता. असल्या माणसापुढे डोकं तरी कुठे आपटणार? तेही फोमवरच आपटलं असतं.

मी अक्काकडे गेलो. ती ज्वारी निवडत होती.

"अक्का, भावाला समजावा. न्हाईतर दुसरा पेटीवाला बघावा लागंल."

ती वर न बघता म्हणाली, "त्याची बोटं आखडायलीत रे. पयल्या दोन गाण्याला तर उघडतच न्हाईत. तुमी पेटी काढस्तोवर हात चोळत बसतो. दिसलं न्हाई व्हय तुला? पेटी वाजवायची सुटली तर त्याच्याकडं काय ऱ्हातंय?"

मला दिसलं नव्हतं. पण राग गेला नाही, उलट वाढला. सरळ सांगायचं होतं, सुरुवातीची दोन गाणी पेटीविना म्हटली असती! बोटं आखडली म्हणण्यापेक्षा सबंध पार्टीची फजिती करणं या गृहस्थाला सोपं वाटलं. पेटीवाला म्हणवून घ्यायची हौस तेवढी आखडली नव्हती. फोम लावून म्हातारपण लपवणारा असला शहाणा मी दुसरा पाहिला नाही.

त्यानंतर पेटी ओढायचं काम मी स्वतःकडे घेतलं आणि मुद्दाम सावकाश ओढू लागलो. तोंडाने मात्र फोमला आणि फोमवाल्याला मनसोक्त शिव्या देत होतो. अण्णा शेजारी उभे राहून हात चोळत. कधी ते हसून माझ्याकडे बघत, तेव्हा मी आणखी एक शिवी घालत असे.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा दुकानातच बसल्या जागी गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अक्का गाणार होती. भालकीचा एक पेटीवाला बोलावला होता. मांडवात माणसं बसली, एकाने अण्णांचा खोका पायांत धरला आणि मी पेटी ओढू लागलो. इकडून जरा, तिकडून जरा. भालकीचा माणूस बोटं मोडत तयार बसला होता. तरी माझा हात काही घाई करेना.

अक्का माईकपासून बाजूला वाकली आणि हळूच म्हणाली, "ओढ की जोरात. आता कुणासाठी थांबायलास?"