न पाठवलेला नारळ

छकडीच्या शर्यतीत बैल हाकणाऱ्याला आमच्याकडे ड्रायव्हरच म्हणतात. आमचा ड्रायव्हर शर्यतींवरची बंदी उठल्यापासून आमचीच जोडी हाकत होता. गेल्या सीझनला तो दौंड तालुक्यात, खुटबावच्या मालकाकडे गेला, आणि तेव्हापासून आमच्या कवठे येमाईत त्याला फितूर म्हणतात. तो फितूर नाही. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून आता लिहितो.

सुरुवात मोबाइलवर झाली. शर्यती दाखवणाऱ्या कुठल्याशा चॅनेलवर आमच्या ड्रायव्हरचा फोटो, शेजारी खुटबावचे बैल आणि वर भलंमोठं प्रश्नचिन्ह. तो तिकडे मेहुणीच्या पोरीच्या साखरपुड्याला गेला होता. पण टपरीवर चहा पिणाऱ्यांना प्रश्नचिन्ह दिसत नाही.

"आबा, तुमचा ड्रायव्हर चालला म्हंजी?" टपरीवरच्या एका गड्यानं मला विचारलं.

"कुठं?"

"तुम्हालाच म्हाईत न्हाई? मंग गेलाच समजा!"

आमच्याकडे सीझनच्या आधी मालक ड्रायव्हरच्या घरी नारळ आणि टॉवेल-टोपी पाठवतो. नारळ पोचला की तो माणूस वर्षभर तुमचा. नाही पोचला की मोकळा. माझा नारळ देवघरात आणून ठेवलेला होता. पुतण्या निघालाही होता गाडीला किक मारून. मीच त्याला अडवलं. "थांब. बातमी खरी निघाली तर गावात हसं व्हईल. आपला असंल तर येईल आपल्या पायानं."

तो आला नाही. देवघरातल्या नारळातलं पाणी आटलं. मग एक दिवस कळलं, खुटबावचा नारळ त्यानं घेतला.

यात्रेच्या मैदानात तो त्यांची छकडी घेऊन उतरला, तेव्हा निवेदक माईकवर ओरडला, "आलं बघा, आबांचं मीठ खाऊन दौंडचं पाणी प्यालेलं पाखरू आलं!" सगळं मैदान हसलं. मी स्टेजवर फेटा बांधून बसलो होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बैलांकडे पाहिलं.

वर्षभर ते बोचत राहिलं. शेवटी यंदा खुटबावला गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला.

"आबा, लई वाट बघितली. नारळ न्हाई आला, तवा वाटलं, तुम्ही दुसरा बघितला."

"अरे, मंग फोन करायचा."

"नारळ मागून घेत्यात व्हय, आबा?"

मी त्यालाच आता काय करू, विचारलं. तो म्हणाला, "मला कायबी नको. पोरीच्या सासरीबी मला फितूर म्हणत्यात. ज्या माईकवर म्हणलं, त्याच माईकवर सांगा."

यंदाच्या यात्रेत मी सकाळीच माईक मागितला. निवेदक पाया पडून म्हणाला, "आबा, गट उरकू द्या." मग म्हणाला, सेमी होऊ द्या. मग फायनल. मग पुढारी आले, त्यांची भाषणं झाली. अफवेला आख्खं वर्ष मोकळं मिळालं, मला दोन मिनिटं मिळेनात. माईक हातात आला तेव्हा लोक बैल टेम्पोत चढवत होते. तरी मी बोललो: त्यानं मला सोडलं नाही, मीच नारळ पाठवला नाही.

खाली उतरलो तर टपरीवरचा तोच गडी शेजारच्याला सांगत होता, "आबांचं मन मोठं. फितुरालाबी पाठीशी घालत्यात."

मन मोठं नव्हतं. नारळ घरात होता.