डाव्या कानातला कापूस

आईने डाव्या कानातला कापूस काढून मुठीत धरला, तेव्हा संदीप स्टेजवर घसा फाडून ओरडत होता. आधीच्या चार गाण्यांत तिने कापसाला हात लावला नव्हता… या पाचव्याला काढला.

रविवारची दुपार, बेळगावच्या टिळकवाडीत एका कॅफेच्या वरचा हॉल. पन्नास-साठ पोरंपोरी, सगळ्यांचे कपडे काळे, केस एका डोळ्यावर. त्यांच्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी आई, मोतिया रंगाच्या साडीत. तिला मी आणलं नव्हतं. संदीपने परस्पर फोन करून तिला निपाणीहून बोलावलं होतं. कापूस आणायलाही त्यानेच सांगितलं होतं.

कॉलेजात असताना अख्ख्या निपाणीत इमो, म्हणजे रडक्या रॉक गाण्यांचे भक्त, दोघंच… मी आणि संदीप. सायबर कॅफेतून गाणी मेमरी कार्डवर भरून आणायची, केस डोळ्यावर ओढायचे आणि दुःखी राहायचं. आमची गाणी मी लिहायचो, इंग्रजीत. त्यांत दर दोन ओळींनी बर्फ पडायचा. बर्फ मी अजून पाहिलेला नाही.

एकदा बेळगावला आलो असताना खडेबाजारातून काळं नेलपॉलिश घेतलं आणि दोघांनी दहाही बोटांना लावलं. घरी आई विड्या वळत बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. तिने आमची बोटं बघितली. मग हात ओढून एकेका बोटाचा वास घेतला. तिला वाटलं, आम्ही तिला चोरून कुठंतरी विड्या वळायला जातो.

"ह्यो रंग तुमच्या हाताला लागू नये म्हणून तर वळती मी," ती म्हणाली. तिची स्वतःची नखं तंबाखूने काळी झालेली… आम्ही बाहेर जाऊन पोट धरून हसलो.

संदीपचं पाचवं गाणं हेच होतं. पोरांच्या बोटांचा वास घेणारी बाई.

'माझी काळी रंगानं, तुझी काळी तंबाखूनं.' शेवटी एवढी एकच ओळ, आमच्या निपाणीच्या बोलीत, पुन्हा पुन्हा. समोरची पोरं ती त्याच्याबरोबर ओरडत होती, त्यांतली निम्मी कन्नड घरांतली. माझ्या शेजारी उभ्या मुलीचं काजळ गालावर उतरलं होतं.

मला रडू आलं नाही. मला ती ओळ हवी होती. आई माझी, घर माझं, दहा बोटंही माझी… मी मराठी साहित्यात एम.ए. केलं, दहा वर्षं कविता शिकवतो, आणि ओळ लिहिली दिवसभर लेथ मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाने. इतका स्वच्छ मत्सर मला आजवर कुणाचा वाटला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर तो घामाघूम होऊन खाली आला. मी 'मस्त' म्हणालो. तो आईच्या पाया पडला.

"लई वराडतोस रं. घशाला जप."

"मावशी, बरोबर आलं न्हवं समदं?"

"विडीचं पान आदी भिजवत्यात, मग कापत्यात. तू उलटं म्हटलास. फोनवर दोनदा सांगिटलं हुतं की."

"व्हय की. पुढच्या टायमाला सुधारतो."

दोनदा… मग हळूहळू कळलं. चार महिने तो दर रविवारी तिला फोन करत होता. दोरा दाताने तोडायचीस का, वळताना बायका काय बोलायच्या, पाठ कुठे दुखायची. त्याने माझ्या घरातलं उचललं, असं मी तासभर मनात घोळवत होतो. त्याने मागून घेतलं होतं, आणि तिने हौसेनं दिलं होतं. हे जास्त लागलं.

रिक्षात मी न राहवून बोललो. "मला कवा सांगिटलं न्हाईस हे."

"तू कवा इचारलास? रोज फोन करतोस, गोळी घेतलीस काय म्हणतोस, ठेवतोस."

चिडून म्हणाली नाही… भाजी काय केली ते सांगावं तसं. कापसाचा बोळा अजून तिच्या मुठीत होता.

रात्री ती माझ्याकडेच राहिली. सकाळी चहा घेताना मी विचारलं, "पान भिजल्यावर वास कसला यायचा गं?"

"ते संदीपला सांगून झालंय. तू दुसरं कायतरी इचार."

मला दुसरं काही सुचेना. साडेनऊच्या निपाणी गाडीत तिला बसवलं. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून वाकून सांगितलं, "गोळी घेतली रं."