खांद्यावरचा हात

डिसेंबर लागला की वारूळवाडीत सकाळचं धुकं नदीकडून वर चढतं आणि द्राक्षाच्या बागांवर पसरून बसतं. उठायचं नाव घेत नाही. त्या दिवसांत शेतीची लाईट सकाळी आठला यायची. त्यामुळं साडेसातपासूनच राजरत्नचा फोन वाजायला लागायचा. कुणाच्या मोटरचा स्टार्टर धरत नाही, कुणाची केबल कुरतडलीय, कुणाच्या पेटीत पाल चिकटून मेलीय. कानटोपी, स्वेटर, खिशात टेस्टर, कमरेला पक्कड अशा थाटात तो मोटरसायकलीवर बसायचा आणि धुक्यात शिरायचा.

राजरत्न वायरमन, खाजगी. वय त्रेचाळीस. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची. त्याचा बाप भागुजी विजेचे खांब रोवायच्या गँगला होता. बापानं खांब रोवले आणि पोरानं त्यावरून घराघरात उजेड नेला, असं त्याची आई जानकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना तिची मान जराशी ताठ व्हायची.

भागुजी जाऊन नऊ वर्षं झाली. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्या खालच्या अंगाला भागुजीचा फोटो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी टोपी, मिशा, आणि डाव्या खांद्यावर एक हात. मनगटापर्यंतच. चार बांगड्या घातलेला.

तो हात जानकाबाईचा.

झालं होतं असं. भागुजी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता. घरात एकच निघाला, लग्नानंतर वर्षाभरानं नारायणगावच्या स्टुडिओत काढलेला. भागुजी खुर्चीत बसलेला, जानकाबाई शेजारी उभी, तिचा हात त्याच्या खांद्यावर. राजरत्ननं तो तसाच बाजारातल्या एका फ्लेक्सवाल्याकडं नेला आणि म्हणाला, "एकट्या वडलांचा करून द्या." त्यानं जानकाबाईला कापून काढलं. हात मात्र निघेना. हात काढावा तर खांदा जात होता. राहिला. त्या गडबडीत मूळ फोटोही कुठंतरी गेला तो गेलाच.

जानकाबाई नऊ वर्षं रोज सकाळी पदरानं त्या काचेवरची धूळ पुसत राहिली. यंदा घराला रंग द्यायला फोटो खाली उतरवला तेव्हा ती तो मांडीवर घेऊन बसली. बराच वेळ बघत राहिली.

"राजू," ती म्हणाली, "या घरात माझा फोटो हाय तो एवढाच. मनगटापत्तोर."

राजरत्न ब्रश घेऊन शिडीवर होता.

"मी गेल्यावं लोकांनी काय हाताला हार घालायचा का रं?"

शिडीखाली उभी असलेली यशोधरा, राजरत्नची बायको, फिस्सकन हसली. राजरत्न मात्र हसला नाही.

"काढू की आई. आत्ता काढू."

"जिती हाय तवर काढ. आणि आधार कार्डाचा लावशील तर भूत हून यीन. त्यात मी इंजेक्शान घेतल्यासारखी दिसते."

तेव्हापासून राजरत्नच्या डोक्यात तेच. कॅमेरा चांगला म्हणून त्यानं नवा फोन घेतला आणि त्याच रविवारी अंगणात खुर्ची मांडली. जानकाबाईनं ठेवणीतलं पांढरंशुभ्र लुगडं नेसलं, केसाला तेल लावलं. ऊन चांगलं चढलं होतं. म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून राजरत्ननं खुर्ची फिरवली, तिची पाठ उन्हाकडं केली. पावणं आलं तरी आपण खुर्ची अशीच तर फिरवून देतो. मग दहा पावलं मागं जाऊन त्यानं फोनच्या काचेवर बोटं फाकवून आई जवळ ओढली आणि दाबत सुटला.

जानकाबाईनं फोन हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला.

"लुगडं झ्याक आलंय. आत कोन हाय?"

खरंच, पांढरं लुगडं लखलखत होतं आणि वर तोंडाच्या जागी काळा डाग. सगळ्यावर धुरकट साय.

दुसऱ्यांदा त्यानं घरात बसवली. उजेडच कमी पडतोय ना, मग उजेडाला काय तोटा! त्यानं दोन फोकस आढ्याला टांगले, वर फोनचा फ्लॅश. फोटोत जानकाबाईच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे आणि मागच्या भिंतीवर तिची डोंगराएवढी सावली.

"चोर धरल्यावानी दिसतंय," यशोधरा म्हणाली.

"तू गप गं."

"मी कुटं काय म्हनले? आत्याबाईच म्हनत्यात."

"मी बी त्येच म्हनते," जानकाबाई म्हणाली.

तिसऱ्यांदा बाहेरच्या भिंतीला उभी केली. या वेळी तोंड दिसलं. पण राजरत्नला ते काळं वाटलं. आई रापलेली, सुरकुतलेली, फोटोत बरं दिसायला नको का? त्यानं फोनमध्येच ती गोरी केली, सुरकुत्या पुसल्या, ओठ जरा लालसर केले आणि मोठ्या आशेनं आईपुढं धरली.

जानकाबाईनं फोन लगेच परत दिला.

"ही कोन बया?"

"आई, तूच हाय."

"मी नव्हं. हिनं कवा उन्हात कांदं काढलं न्हाईत." आणि ती उठून शेंगा फोडायला गेली. जाता जाता म्हणाली, "ऱ्हाऊ दे राजू. हात हाय, त्योच बास."

ते बोलणं राजरत्नला लागलं. रागानं बोलली असती तर चाललं असतं. ती समजूत घालायच्या सुरात बोलली होती.

दोन दिवसांनी नारायणगावात एका मोबाईलच्या दुकानात तो स्विचचा बोर्ड बदलायला गेला. दुकान सावळेरामतात्यांच्या मुलाचं. तात्या स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून येणारी-जाणारी माणसं बघायचे. पूर्वी याच जागेत त्यांचा स्टुडिओ होता. पडदा, खुर्ची, कुंडी, सगळं. आता सत्तरी उलटली होती आणि हातात काम नव्हतं, तोंडात मात्र भरपूर होतं. काम उरकल्यावर राजरत्ननं लाजत लाजत फोन त्यांच्यापुढं धरला.

"तात्या, जरा बघता का? चाळीसेक फोटो हायेत आईचे, भिंतीला लावायला."

"चाळीस?" तात्यांनी चष्मा लावला. "चाळीस लोकं मेली का काय?"

ते एकेक सरकवत गेले. पहिल्यावरच थांबले.

"आईला उन्हाकडं पाठ करून बसवलीस ना? डोळ्यांवर ऊन नको म्हनून?"

"तुमाला कसं कळलं?"

"सगळं जुन्नर नि आंबेगाव ह्येच करतंय राव! माया दाखवत्यात आणि म्हातारी काळी पडती. आणि वर पांढरं लुगडं. फोनला वाटतं लई उजेड झाला, तो सगळंच काळवंडून टाकतो. आधी काचेवर तिच्या तोंडावं बोट ठेवायचं, मग तोंडाचा उजेड धरतो तो." त्यांनी कॅमेऱ्याच्या काचेवरून अंगठा फिरवला आणि तो राजरत्नला दाखवला. "ह्ये काय? ग्रीस! स्टार्टरचे हात कॅमेऱ्याला लावतोस आणि म्हनतोस धुरकट येतंय."

राजरत्ननं घाईघाईनं शर्टाच्या टोकानं मागची काच पुसली.

तात्या तिसऱ्या दिवसाच्या फोटोंवर आले आणि खो खो हसायला लागले. "अरं, आईच्या डोक्यातनं वायर निघालीय! हिकडं मीटरची पेटी, हितं वाळत घातलेली चादर. वायरमन असून वायर दिसली न्हाय?"

"मी आईकडं बघत व्हतो, तात्या."

"हां. आईकडं बघ. पन आईच्या मागं बी बघ."

मग गोरी केलेली जानकाबाई आली. तात्यांचं हसू थांबलं. त्यांनी फोन खाली ठेवला.

"भागुजीची बायको ना ही?"

"व्हय."

"मग हिचा चांगला फोटो मी काढलाय. तुझ्या जल्माच्या आधी. खुर्ची, मागं डोंगराचा पडदा. तो असंल की घरी."

राजरत्न मान खाली घालून बोर्डाकडं बघत राहिला. मग त्यानं सांगितलं. कापलेलं, हरवलेलं, उरलेला हात, सगळं. तात्यांच्या निगेटिव्ह कधीच वाळवीनं खाल्ल्या होत्या, तेही दोघांना ठाऊक होतं.

तात्या रागावतील असं त्याला वाटलं. ते हळू आवाजात बोलले.

"हात ठेवायला तयार न्हवती रं ती. लाजून पार मुरगळली. भायेर लोकं खोळंबली व्हती, मी तरी थांबलो. शेवटी भागुजीच म्हनला, ठेव की, मी काय करंट मारतोय का! तशी ती हसली आणि हात ठेवला. आनि मी दाबलं. एकच फोटो. तवा दुसरा काढायची सोयच न्हवती."

मग त्यांनी राजरत्नच्या खिशातला टेस्टर बोटानं टिचकवला.

"तू उजेड लावायला शिकलास, बघायला न्हाई. दाराच्या आत, उंबऱ्यापाशी बसव. ऊन नको, उजेड पायजे. तिच्या डोळ्यांइतका खाली बस, उभ्यानं काढशील तर ती बुटकी दिसंल. बोटं फाकवू नको, पायानं जवळ जा. आनि हस म्हनू नको. दात न्हाईत तिला, हस म्हनलं की तोंड मिटून घेईल."

"आनि मग?"

"मग थांब. चाळीस काढू नको. थांब."

पुढचे आठ दिवस राजरत्नला वेगळंच वेड लागलं. लाईट येईपर्यंत शेतकरी गप्पा मारत बसायचे आणि हा पंपाच्या खोलीत दाराकडून आत येणारा उजेड बघायचा. नाकाच्या कुठल्या बाजूला पडतो, गालाखाली किती विरतो. गोरख, ज्याचा स्टार्टर दर चार दिवसांनी रुसायचा, त्याला त्यानं दारात उभा करून तीन फोटो काढले. पहिल्यात गोरखचा कान उजळला आणि तोंड गेलं. दुसऱ्यात गोरख पोलिसांपुढं उभा राहिल्यासारखा. तिसऱ्यात गोरख शिंकला.

"राजूभाऊ, मोटर सुरू करता का माझं लगीन जमवताय?"

"गप उभा ऱ्हा. दारापासनं एक पाऊल आत ये."

चौथा बरा आला. गोरखनं तो लगेच स्टेटसला ठेवला.

नवव्या दिवशी सकाळी राजरत्ननं प्लॅस्टिकची खुर्ची दाराच्या आत ठेवली. मागची खुंटी मोकळी केली, कॅलेंडर उतरवलं, फोनची काच पुसली. जानकाबाई सुपात बाजरी निवडत होती.

"आई, ये."

"लुगडं बदलते."

"नको. हेच असू दे."

अंगावर विटकं हिरवं लुगडं होतं. ती कुरकुरत बसली. राजरत्ननं गुडघे टेकले. बाहेरचं धुकं उजेडाला गाळून आत सोडत होतं. कुठंही चकाकी नाही, कुठंही खड्डा नाही. त्यानं फोनच्या काचेवर तिच्या तोंडावर बोट ठेवलं. सगळं बरोबर होतं. फक्त जानकाबाई तिथं नव्हती. ती खुर्चीत आधार कार्डाला बसल्यासारखी बसली होती. ओठ मिटलेले, दोन्ही पंजे मांडीवर, नजर फोनच्या पलीकडं कुठंतरी.

एक काढला, दुसरा काढला. थांबला. तिसरा, चौथा. सांगितलेलं सगळं केलं होतं, आता राहिलं काय?

"झालं का?" जानकाबाईनं विचारलं.

"न्हाई झालं." त्याचा आवाज पडला. "जमंना मला, आई."

"जाऊ दे बाबा. बाजरी ऱ्हायलीय माझी." ती उठली. गुडघ्यात कळ आली तशी तिनं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि तशीच क्षणभर उभी राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून गोरखची आरोळी आली, "राजूभाऊ! लाईट आली, मोटर धरंना!"

जानकाबाईनं दाराकडं तोंड केलं. "येतोय की! वरडतो कशाला, मी काय करंट मारतेय का त्याला धरून?"

आणि स्वतःच्याच बोलण्याला हसली. बोळकं तोंड उघडून, डोळे बारीक करून.

राजरत्न अजून गुडघ्यावरच होता. त्यानं एकदाच दाबलं.

यशोधरा चुलीपुढून उठून आली आणि त्याच्या खांद्यावरून बघायला लागली. त्यानं फोन आईच्या हातात दिला.

जानकाबाईनं तो लांब धरला, जवळ धरला. सुरकुत्या होत्या तशा होत्या, रंग होता तसा होता. खुर्चीच्या पाठीवर तिचा हात होता, शिरा वर आलेला, त्यात दोन बांगड्या. तिनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, परत हातातल्याकडं बघितलं.

"तवा चार व्हत्या," ती म्हणाली. मग, "मनगटाच्या वर बी हाय की मी."

"मोठा करून आणू?"

"आन. आनि ह्यांच्या त्या बाजूला लाव, हात जिकडनं आलाय तिकडं." फोन परत देताना तिनं दटावलं, "आणि ह्यातलं काय बी कापू नको. खुर्ची बी ऱ्हाऊ दे."

"राजूभाऊ!" गोरख फाटकाशी आला होता. "परत लाईट जाईल राव!"

राजरत्ननं कानटोपी ओढली, पक्कड कमरेला खोचली. जानकाबाई सूप घेऊन पुन्हा उंबऱ्यापाशी बसली, त्याच उजेडात, आणि खडे वेचायला लागली. धुकं अजून बागांवरच होतं. गोरखच्या पंपाच्या खोलीत शिरून राजरत्ननं मेन बंद केला, स्टार्टरची पेटी उघडली, पट्ट्यांमध्ये अडकलेली पाल काडीनं बाहेर उडवली आणि ग्रीसचे हात चिंधीला नीट पुसून मगच खिशातल्या फोनला हात लावला.