रेडिओला कळायच्या आधीची लढाई

एकाहत्तरचा पावसाळा सरत आला होता. आमची कंपनी पूर्वेच्या सरहद्दीवर एका नदीकाठी लागली. मी शिंदखेड्याकडचा, शाळा चौथीपर्यंत. पण सेटवर बोलायला पक्का, म्हणून प्लाटूनचा वायरलेस माझ्या पाठीवर. शेजारी लान्सनायक सुपडू. चोपड्याकडचा, केळीच्या मळ्यातला.

काम काय, तर बघत बसायचं. पलीकडे त्यांच्याच फौजेने त्यांचीच गावं पेटवली होती. आधी धूर यायचा, मागून माणसं. मेजरसाहेबांनी पहिल्याच फॉलइनला सांगितलं होतं : ही लढाई आपली नाही. अर्धी नदी आपली, अर्धी त्यांची. अर्ध्याच्या पुढे जायचं नाही. हुकमाशिवाय फायर नाही.

सुपडूच्या धाकट्या बहिणीशी, वच्छलाशी, माझं लग्न ठरलेलं. दिवाळीनंतरची सुटी दोघांनी बरोबरच मागितली होती. म्हणून मी त्याचा पाव्हना. पावडरच्या दुधाचा चहा पुढे करून म्हणायचा, "ल्या पाव्हना. मनी बहीण बी असाच चहा करस. आतेपाईन सवय करी ल्या." तो चहा अजून जिभेवर आहे.

एका सकाळी, नाश्ता झाल्यावर, पलीकडून केळीच्या खांबांचा तराफा निघाला. वर एक म्हातारी आणि तिची सून. सुपडू बघता बघता उभाच राहिला.

"खांबस्ले नुसती दोरी शे. बांबू खुपसेल नही. मझार सुटी जाई."

मधोमध सुटलाच. सून एका खांबाला धरून आमच्या काठाला लागली. म्हातारी मध्याच्या पलीकडेच गटांगळ्या खात राहिली. सुपडू बूट काढायला बसला.

"हद्द, सुपडू," मी म्हणालो.

"पाणीले कोठे हद्द ऱ्हास, पाव्हना?"

रायफल माझ्या हातात दिली नि उतरला. तो मध्याच्या पुढे गेला आणि पलीकडून फायर सुरू झालं. मी सेट उचलला.

"टायगर, मी टायगर वन. आपला जवान पाण्यात. पलीकडून फायर. जबाबी फायर मागतो. ओव्हर."

"मधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला? ओव्हर."

"पलीकडल्या. ओव्हर."

"वेट. आउट."

साहेबांना मी दोष देत नाही. त्यांनाही वर विचारायचं होतं, आणि वरच्यांना त्यांच्या वर. देश लढाईत नव्हता. सुपडू पाण्यात होता.

त्याने म्हातारीला खांबावर पालथं घातलं आणि ढकलत आणलं. रेषेच्या अलीकडे आला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, तेव्हा गोळी लागली. पाठीत. मग सेट बोलला : "फायर." आमची एलएमजी त्या दिवशी पहिल्यांदा चालली. म्हातारी वाचली.

अस्थी घेऊन मला पाठवलं. जळगावला उतरलो, पुढे एसटी. सुपडूच्या घरी पोचलो तर शेजारच्या शेटजींच्या दुकानात रेडिओ चालू होता. बाजारभाव झाले, बातम्या झाल्या. सुपडूची माय अस्थींच्या मडक्याकडे बघत होती. रडली नाही. मला विचारलं, "रेडिओवाला तं सांगस, लढाई नही शे. मंग मना सुपडू कसामा गया?"

शिपायाला अशी उत्तरं शिकवत नाहीत. चुलीपाशी वच्छला बसली होती. ती म्हणाली, "लढाई शेच माय. रेडिओले आजून समजनं नही."

डिसेंबरात रेडिओला समजलं. तीच नदी आम्ही बोटीतून ओलांडली. मधली रेष कुठे गेली, कोणी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं. मांडवाला केळीचे खांब बांधले होते. हळदीच्या अंगाने वच्छला उठली आणि चारी खांबांच्या दोऱ्या ओढून पाहिल्या. बाया हसल्या. मी हसलो नाही.

आता धुळ्याला राहतो. डिसेंबर आला की शाल-नारळ देतात, लढाई कधी सुरू झाली ते सांगा म्हणतात. वच्छला त्या कार्यक्रमाला कधी आली नाही. तिचा दिवस त्याच्या आधीचा. त्या सकाळी ती भावाच्या नावाने दिवा लावायची आणि मला पावडरच्या दुधाचा चहा करून द्यायची. चहा खरंच वाईट व्हायचा. सुपडू खोटं बोलला नव्हता.

आखाडात ती गेली. यंदा दिवा मी लावला. वात जाड वळली गेली, काजळी फार धरली. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी नाव मोठ्याने घेतलं. सुपडू. मग चहा ठेवला, दोन कप.