टाचलेली पानं

पुस्तकात पहिलं खोटं हत्यार दिसलं की पुस्तक मिटायचं, असा कवीचा नियम होता. कादंबरीतला सुतार लाकडाच्या रेषांवर आडवा रंधा मारताना दिसला, कादंबरी बंद. कवितेत हातोडी गायला लागली, संग्रह बंद. "हातोडी गात नसते," तो म्हणायचा. "गात असेल तर दांडा सैल झालाय. आधी पाचर ठोका, मग कविता लिहा."

कवी हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याची हयात फाउंड्रीत वाळूचे साचे भरण्यात गेली. जेवणाच्या सुट्टीत तो चिठोऱ्यांवर काहीबाही खरडायचा, म्हणून एका क्रेनवाल्याने चिडवायला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे त्याचा एक पातळसा संग्रह छापून आला. तेव्हा चिडवण्यातली गंमत गेली, नाव राहिलं.

संग्रहात पहाट होती, पाखरं होती, नदी होती. वाळू आणि वितळलेलं लोखंड औषधालाही नव्हतं. बायको एकदाच आली होती, तीही चंद्रकोर होऊन. "तेव्हा मला सातवा महिना होता," ती विचारणाऱ्याला सांगायची. "कोर कसली, पुरता गरगरीत चंद्र."

निवृत्त झाल्यावर त्याने नव्या लोकांचं वाचायला घेतलं. हल्ली काय लिहितात याची त्याला मनापासून उत्सुकता होती, पण नियम आडवा यायचा. कुठलंच पुस्तक निम्म्याच्या पुढे जाईना. नव्या कवितेशी तर उभं वैर. "एक ओळ चार ठिकाणी तोडली म्हणून चार ओळींची मेहनत होत नाही," असं तो वाचनालयाच्या बैठकीत बोलून गेला. समोर बसलेला तरुण कवी उठून गेला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

पुढच्या खेपेला ग्रंथपालबाईंनी एक नवी कादंबरी त्याच्या हातात ठेवली.

"ही लेखिका दोन महिन्यांनी आपल्याकडे येतेय. पुस्तकावर तुम्ही बोलायचं," त्या म्हणाल्या. "आणि काका, या वेळी पूर्ण वाचून."

त्याने मान डोलावली. आठवडा उलटला नाही तोच त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी पालथं पडून राहायला सांगितलं, म्हणजे डोळ्यात भरलेली हवा पडद्याला जागेवर दाबून धरेल. पुढचे काही आठवडे वाचन बंद. डाव्या डोळ्यात आधीच मोतीबिंदू होता. कवी कॉटवर पालथा पडला. कपाळाखाली उशीची गुंडाळी, खाली फरशी, आणि त्याच खोलीत बायकोचं शिलाई मशीन.

बायको कपडे अल्टर करून द्यायची. पँट आखूड करायची, चेन बदलायची, सैल ते आत घ्यायचं, घट्ट ते सोडायचं. आख्ख्या गल्लीची मापं तिला ठाऊक होती. कोण सुटलंय आणि कोण वाळलंय हे तिला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं.

दुसऱ्याच दिवशी कवी उशीत तोंड खुपसून म्हणाला, "मशीन कुरकुरतंय. तेल घाल."

"कालच घातलंय. मशीन नाही, तुम्ही कुरकुरताय," ती म्हणाली. "उद्या माझ्या शिलाईत खोट काढाल. त्यापेक्षा मी वाचून दाखवते. काय वाचू?"

"तुला जमणार नाही."

"मला वाचता येतं. लग्नाआधी तपासून घ्यायचं होतंत."

सुरुवात तिने कवितांनी केली. ओळ कुठे तुटते याची फिकीर न करता, मापाच्या चिठ्ठीवरचे आकडे वाचावेत तसं ती सपाट वाचत गेली. कमर, उंची, बाही. कवी आधी वैतागला. मग त्याच्या लक्षात आलं की तुटलेल्या ओळी त्याला आता दिसतच नाहीयेत. राग यायला तरी कशाचा? ज्यांच्यावर तो चिडायचा अशा कवितांपैकी काही कानावर पडताच विरून गेल्या. पण काही टिकल्या. एक तर त्याने तीनदा वाचायला लावली.

"हा माणूस घाबरलाय," तो म्हणाला.

"कुठे लिहिलंय तसं?"

"लिहिलं नाहीये. पुन्हा वाच."

मग कादंबरी सुरू झाली. गोष्ट एका साचेवाल्याची, फाउंड्रीतल्याच. हे कळल्यावर कवीने उशीतच दात आवळले. आता लेखिका तोंडावर आपटणार याची त्याला खात्री होती. पण ती आपटेना. कथा भराभर पुढे सरकत होती. साचेवाला एका संध्याकाळी चहा पितो, चपला घालतो, बाहेर पडतो. पुढच्याच वाक्यात सहा महिने लोटलेले. त्याची बायको त्याच्या जुन्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवतेय. तो का गेला, एक अक्षर नाही.

"थांब," कवी म्हणाला. "का गेला?"

"मला काय विचारता?"

"पान चुकलं नाही ना?"

"तुम्हाला ऐकायचंय की नाही?"

त्या रात्री त्याला झोप लागेना. का गेला असेल? आपण लिहिलं असतं तर कारण दिलं असतं, दोनदा दिलं असतं, वाचणाऱ्याच्या डोक्यात खिळा ठोकावा तसं. या बाईने हात आखडता घेतला, आणि तो माणूस त्याच्या डोक्यातून जाईना. घरात कोणी आपल्याला काही विचारत नाही म्हणून गेला, असं त्याने ठरवलं. सकाळी ते बदललं. आता कुठे कळायला लागलंय, असं त्याला वाटलं. नवे लोक सगळं भरून देत नाहीत. वाचणाऱ्यालाही घाम गाळायला लावतात. इतकी वर्षं त्याने फक्त लिहिणाऱ्याचा घाम मोजला होता.

कादंबरी संपली. ऑपरेशननंतर शेवटापर्यंत गेलेलं हे त्याचं पहिलं पुस्तक. खरं तर कित्येक वर्षांतलं पहिलं.

बैठकीला आठवडा राहिला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी थोडं थोडं वाचायची मोकळीक दिली. बायको भाजी आणायला गेली होती. कॉलरचा प्रसंग बैठकीत वाचून दाखवावा म्हणून त्याने पुस्तक उघडलं आणि त्याच्या अंगठ्याला टाचणी टोचली.

पानं टाचलेली होती. सहा-सात पानांचा जुडगा, वर एक टाचणी, खाली एक. सैल कपड्याला खूण करून ठेवावी तशी. पुढे तसाच आणखी एक जुडगा. त्यापुढे आणखी.

त्याने टाचण्या काढल्या आणि वाचायला बसला. पाणी सुटेपर्यंत वाळू भिजवून साचेवाला त्यात वितळलेलं लोखंड ओततो. पायात रबरी चपला. असं फाउंड्रीत पहिल्या दिवसाचं पोरही करत नाही. साचा फुटतो, जोडीदार भाजतो, आणि त्या धास्तीने साचेवाला संध्याकाळी घर सोडतो. कारण होतं. चांगलं पाच पानं होतं.

बायको पिशवी घेऊन आत आली. त्याच्यासमोर टाचण्यांची रांग होती.

"हे काय आहे?"

तिने पिशवी खाली ठेवली. "ढगळ होतं. आत घेतलं."

"चेष्टा करू नकोस. मी लोकांसमोर बोलणार होतो, ही बाई कारण देत नाही, केवढी हिंमत म्हणून."

"तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हा मी पुढचं वाचून ठेवायची," ती म्हणाली. "भट्टी आली की टाचायची. वाळू किती ओली लागते हे इतकी वर्षं ऐकून मला पाठ झालंय. तुम्ही दुसऱ्याच दिवशी म्हणाला असतात, मिट. आणि मला पुढे काय होतं ते कळलं नसतं. आजवर तुम्ही मला सांगायला घेतलेली एक तरी गोष्ट शेवटाला नेलीत?"

कवीने टाचण्यांची रांग बोटाने सरळ केली.

"कॉलरचं तरी खरं आहे ना?" त्याने विचारलं.

"ते तर साफ चूक आहे. ती बाई कात्रीने कॉलर उसवते. कात्रीने कोण उसवतं? ब्लेड लागतं, नाहीतर कापडच फाटतं."

"मग तिथे का नाही टाचलंस?"

"चूक आहे हे मला कळलं, म्हणून काय झालं? तो गेलाय आणि ती त्याची कॉलर उलटवतेय. तो परत येईल म्हणून, की शर्ट दुसऱ्या कोणाला द्यायचा म्हणून, ते मला बघायचं होतं."

नेमका हाच प्रसंग कवीला सगळ्यात खरा वाटला होता. तिच्या धंद्यातलं त्याला काही कळत नव्हतं, म्हणून वाटला होता.

तो आठवडाभर पुस्तकाला चिकटून बसला. आधी सलग वाचलं. मग टाचण्या होत्या तिथे पुन्हा लावून वाचलं. कुठलं बरं, ते ठरेना. चिडावं म्हणून भट्टीची पानं पुन्हा काढली, तर त्याच गाळात एक वाक्य सापडलं: पाळी संपल्यावर साचेवाल्याला चहाचा कप धरता येईना, कारण बोटं अजून लोखंड ओतायच्या भांड्याच्या दांड्याएवढीच वाकलेली होती. कवीने आपला हात उजेडात धरला. त्याचीही बोटं तशीच व्हायची. बायको त्याला कपाऐवजी मोठा पेला द्यायची आणि तो दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा. हे कवितेत घालावं असं त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. या बाईला कोणी सांगितलं?

बैठकीच्या दिवशी बायको साडी बदलून तयार होती. एरवी ती कधी यायची नाही.

"तू कशाला?"

"ओली वाळू काढणार आहात का, ते ऐकायला."

"खोटं आहे ते."

"आहेच. पण तेवढंच नाही त्यात. त्या पोराला घालवलंत तसं हिला घालवू नका."

वाचनालयाची खोली भरली होती. क्रेनवाला मागच्या रांगेत पाय पसरून बसला होता, कवी कोणाला तरी फोडून काढणार या आशेने. लेखिका तिशीची असेल, कुठल्याशा कचेरीत नोकरी करणारी. कवी उभा राहिला तेव्हा ती पेनाचं टोपण काढत-घालत होती.

"मी हे पुस्तक पूर्ण वाचलं नव्हतं, ऐकलं होतं," तो म्हणाला. "आणि पूर्ण ऐकलंही नव्हतं. आमच्या घरातून मधली पानं टाचली होती."

लोक हसले. बायकोने पदर सारखा केला. त्याने सगळं सांगितलं. कारण न कळता आपण किती दिवस त्या माणसाच्या मागे होतो, आणि कारण कळल्यावर तो माणूस कसा मनातून सुटून गेला, तेही.

"म्हणजे कारण नकोच होतं?" लेखिकेने विचारलं.

"मला तसं वाटतं."

"मला ते हवंच होतं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण ती मागे सरली नाही. "भट्टीची पानं मी वर्षभर लिहीत होते. परत परत."

"कुठली फाउंड्री बघितलीत?"

"कोणी आत सोडलं नाही."

मागून क्रेनवाला खाकरला. आता घाव पडणार, हे त्याला ठाऊक होतं. बायकोने कवीकडे पाहिलं.

"वाळूचं आणि चपलांचं चुकलंय," कवी म्हणाला. "ते कसं, मी नंतर सांगेन, तुम्हाला हवं असेल तर. मला दुसरंच विचारायचंय. वाकलेली बोटं कुठे मिळाली?"

"ती बसच्या ड्रायव्हरची आहेत. शेवटच्या थांब्यावर तो चहा घेत होता, आणि स्टिअरिंग धरल्यासारखी बोटं त्याला सोडवता येत नव्हती. घरी येऊन लिहून टाकलं. पाच मिनिटं लागली असतील."

वर्षाची मेहनत खोट्या पानांत आणि पाच मिनिटांचं वाक्य खरं. कवीला फाउंड्रीच्या मागचा ढीग आठवला. ओतताना बिघडलेला माल तिथे पडायचा. त्यालाही चांगल्या मालाएवढाच घाम लागलेला असायचा, आणि तो पुन्हा वितळवताना कोणी कोणाला कामचोर म्हणायचं नाही. हे त्याला तरुणपणापासून ठाऊक होतं. पण घाम दिसत नाही म्हणून त्याने लोकांची पुस्तकं मिटली होती.

"मला एवढंच म्हणायचं होतं," तो म्हणाला आणि खाली बसला.

"बस?" क्रेनवाला मागून म्हणाला. "मी जेवण लवकर उरकून आलो की."

चहाच्या वेळी लेखिका थेट बायकोकडे गेली. दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या. कवी कप घेऊन जवळ सरकला, पण त्याला कोणी विचारलं नाही. बायको ब्लेड कसं धरतात ते बोटांनी दाखवत होती. मग तिने हात खाली केला.

"एक सांगा," ती म्हणाली. "शेवटी तो परत येऊन दारात उभा राहतो. पुढे? आत गेला का?"

"मला माहीत नाही."

"असं कसं? तुम्हीच लिहिलंय ना?"

"खरंच माहीत नाही. मी पण दारापर्यंतच गेले."

घरी येताना बायकोचा विरस झाल्यासारखा दिसत होता. एवढ्या टाचण्या लावून शेवट गाठला, आणि पुढचं ठाऊक असेल म्हणून जिला विचारायला गेली, तिलाही ते ठाऊक नव्हतं.

"गेला असणार आत," कवी म्हणाला. "नाहीतर आलाच कशाला?"

"तिने घेतलं तर ना. तुमचा सगळा हिशेब त्याच्या बाजूने."

"तिने कॉलर उलटवून ठेवलीय की."

"ती सवयीने. हातात कापड आलं की करते बाई."

"मग तुझं काय म्हणणं?"

"मला बघायला लागेल," ती म्हणाली.

कुलूप उघडून तिने दिवा लावला, खुर्चीवर बसली आणि चष्मा चढवला. कवीला आता वाचता येत होतं, तरी तो पुस्तक तिच्या हातात देऊन कॉटवर बसला. तिने शेवटचं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून, मापं सांगावीत तसं, सावकाश वाचायला सुरुवात केली.