फक्त कुटुंबासह

मद्रासजवळच्या तांबरम स्टेशनाबाहेर राजगोपाल यांचं 'आनंदवल्ली भवन' होतं. समोर मोठा हॉल आणि उजव्या हाताला हिरव्या पडद्यांच्या सहा खणांची फॅमिली रूम. त्या फॅमिली रूमचा सुपरवायझर एकोजी. नोकरी सुपरवायझरची, पण रुबाब किल्लेदाराचा. चौदा वर्षांत एकट्या पुरुषाला त्याने पडद्याआड फिरकू दिलं नव्हतं. एकदा वर्दीतला इन्स्पेक्टर आत घुसायला लागला, तेव्हा एकोजी हात जोडून आडवा उभा राहिला आणि त्याला हॉलमध्ये बसवूनच हलला. ही हकीकत तो स्वतः तर सांगायचाच, पण राजगोपालही गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

आणि त्याचं चुकत तरी काय होतं? सत्त्याऐंशी साली तांबरमच्या आसपास बायकामुलांना घेऊन निर्धास्त बसावं अशी जागा होती कुठे? बाकी ठिकाणी विड्यांचा धूर आणि टेबलांवरून रोखलेल्या नजरा. वंडलूरचं नवं प्राणिसंग्रहालय झाल्यापासून तर रविवारी इथे रांग लागायची. वाघ बघून दमलेली पोरं 'फॅमिली रोस्ट' मागायची. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लोळणारा तो डोसा चौघांनी चार बाजूंनी तोडायचा. नव्या सुना सासूची नजर चुकवून दुसरं आइसक्रीम संपवायच्या. पडद्याआड कोण काय करतं, ते एकोजीला बरोबर ठाऊक असे आणि तो ते पोटात ठेवत असे.

हवाई दलाच्या तळावर महाराष्ट्रातली बरीच मंडळी राहायची. त्यांच्यासाठी एकोजीने तमिळ आणि इंग्रजी पाटीखाली स्वतःच्या हाताने एक मराठी ओळ रंगवली होती : 'फक्त कुटुंबासह'. तंजावरच्या मराठी घरांत नागरी अक्षर वाचणारे आता बोटांवर मोजण्याइतके. एकोजीला ते त्याच्या वडिलांनी, राणोजीरावांनी, पाटीवर गिरवून घेऊन शिकवलं होतं. म्हणून ओळ रंगवून झाल्यावर त्याने त्यांना मुद्दाम पत्र लिहिलं, पडद्यांचंही वर्णन केलं.

राणोजीराव तंजावरच्या एका शाळेत कारकून होते. पत्नी वारल्यावर सातआठ वर्षं एकटेच राहिले, आणि त्या वर्षी पोंगल झाल्यावर पंधरवड्यासाठी म्हणून लेकाकडे, तांबरमजवळच्या पल्लावरमला आले. आले खरे, पण बापलेकांची गाठ पडायची ती पहाटे पाच मिनिटं. मग एकोजी कामावर जायचा, तो सगळे झोपल्यावर परतायचा. रोज शंभर कुटुंबांना वेळेवर वाढणाऱ्या या माणसाने आपल्या घरी कोण कसं जेवतं, हे कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या रविवारी भर गर्दीत राणोजीराव हॉटेलच्या दारात उभे. धुतलेलं धोतर, खांद्यावर जरीचं अंगवस्त्र. घरी कुणाला न सांगता एकटेच आले होते.

"अप्पा! तुम्हीं कसे आलांत?"

"आलों. तुझं हॉटेल बघास." मग जवळ सरकून ते हळूच म्हणाले, "मज आंत बसव की रे. त्या पडद्याआड. कोपऱ्यांत असलं तरी चालेल."

एक टेबल नेमकं तेव्हाच रिकामं झालं होतं. गल्ल्यावरून राजगोपालांनीही खूण केली, बसव म्हणून. पण एकोजीच्या अंगात तो किल्लेदार संचारला. आपल्याच माणसासाठी नियम वाकवला तर उद्या वेटरांना कुठल्या तोंडाने बोलणार? शिवाय सगळे बघत होते, आणि बघणारे असले की त्याला जरा चढायचंच. पाटीकडे बोट दाखवून तो हसत म्हणाला, "अप्पा, तुम्हींच शिकवलेलं अक्षर. वाचा की."

राणोजीरावांनी डोळे बारीक करून, एकेक अक्षर लावत वाचलं, "फक्त... कुटुंबासह."

जुन्या मराठीत कुटुंब म्हणजे बायको, आणि तंजावरकडे ती जुनी मराठीच चालते. मद्रासेकडे फॅमिली म्हणजेही बायकोच. कुठल्याही भाषेतून वाचलं तरी राणोजीरावांची पंचाईतच होती.

"माझं कुटुंब तर गेलं रे," ते म्हणाले. "तूं बस माझ्याशेजारीं. का तूं माझा कोणी नव्हेस?"

"मी ड्यूटीवर आहें, अप्पा!"

वेटर खो खो हसले. एकोजीही हसला. म्हातारा गंमत करतोय, असंच त्याला वाटलं.

मग त्याने वडिलांना हॉलच्या ऐन मध्यावर, पंख्याखालच्या टेबलाशी बसवलं. मानाची जागा. दोन वेटर दिमतीला उभे केले, पानावर सांबार, रसम, दोन भाज्या, पायसम, काही बाकी ठेवलं नाही. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हे माझे वडील." चार लोक माना वळवून बघू लागले. राणोजीरावांनी दोन्ही हात अंगवस्त्राखाली घेतले. तेवढ्यात फॅमिली रूममध्ये एका टेबलावरून दोन कुटुंबांची जुंपली आणि एकोजी तिकडे धावला.

अर्ध्या तासाने परतला तर खुर्ची रिकामी, केळीचं पान मिटलेलं. त्याने ते उघडून पाहिलं. सगळं जसंच्या तसं. भाताला बोटसुद्धा लागलं नव्हतं.

एकोजी असा भडकला की विचारू नका. चार लोकांत बापाने पान टाकलं! दोन दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. मंगळवारी दुपारच्या सुटीत घरी आला, अप्पा देवळात गेलेत म्हटल्यावर त्याने बायकोपुढे, सरोजापुढे, तोंड सोडलं. एवढा मान दिला, त्याची ही परतफेड? सरोजाने त्याला पुरतं बोलू दिलं.

"तुम्हीं त्यांस जेवतांना पाहिलांत कधीं?" तिने विचारलं.

"मज वेळ कुठें आहे?"

"हात कापतो त्यांचा. घास तोंडाशीं येईतों निम्मा सांडतो. घरांत भिंतीकडे तोंड करून जेवतात, मीसुद्धां बाहेर जातें. तुमच्या पत्रांत पडद्याचं वाचलं तेव्हांपासून त्यांच्या मनांत होतं. तिथें कोणी बघत नाहीं, एकदां मुलाच्या हॉटेलांत जेवेन, म्हणायचे." ती थांबली. "तुम्हांस कळूं द्यायचं नाहीं, अशी शपथ घातली होती मज. पोराला वाईट वाटेल म्हणून. आतां तुम्हीं बोलूं नका."

एकोजीला पंख्याखालचं ते टेबल आठवलं. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की कान तापले. पडदा कशासाठी असतो, हे साऱ्या तांबरममध्ये त्याच्याइतकं कुणाला कळत होतं?

राणोजीराव देवळातून आले तेव्हा तो शक्य तितक्या सहज म्हणाला, "अप्पा, उद्यां चला की. आंत बसूं, दोघेही."

"नको रे. रूल म्हणजे रूल. तूं नीट केलास." हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर एकोजीला सोसलं असतं. ते खरोखर कौतुकाने म्हणत होते.

शुक्रवारी ते तंजावरला परत निघायचे होते. एकोजीने रजा टाकली, आई गेली त्यानंतरची पहिली. सकाळी जाऊन भाजी आणली, स्वतः सांबार केलं, आणि अकराच्या सुमारास स्वयंपाकघरात शेजारी शेजारी दोन पानं मांडली.

"अप्पा, या."

राणोजीराव आले. दोन पानं बघून दारातच थबकले.

"मी जेवलों रे," ते म्हणाले. "तूं भाजीस गेलास तेव्हां. प्रवास आहे नव्हे, म्हणून लवकर."

एकोजीने सरोजाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"थोडं तरी. माझ्याबरोबर."

"पोट भरलं आहे. तूं जेव. मी बसतों."

ते रिकाम्या पानापाशी बसले, हात अंगवस्त्राखाली घेऊन. एकोजीने भात कालवला. उठून जावंसं वाटलं, पण उठता येईना. म्हातारा मात्र खुशीत होता. रसम वाढ त्याला, भाजी वाढ, असं सरोजाला सांगत होता.

"तुज जेवतांना पाहून वीस वर्षं झालीं असतील," राणोजीराव म्हणाले. "हळू जेव. मज घाई नाहीं."

एकोजी खाली मान घालून जेवत राहिला. क्षमा मागायची म्हणजे सगळं ठाऊक आहे हे सांगायचं, आणि तेवढं एकच अप्पांना नको होतं. त्याने पानातलं शीतन्‌शीत संपवलं आणि आणखी भात मागितला.