काठीनं बघितलेलं डोकं

माझं डोकं त्यांनी काठीनं बघितलं.

वैद्य ओट्यावर पाटावर बसलेले. खाली अंगणात माय आणि मी. माय म्हणाली, "वाक." मी वाकले. वरून काठी आली. ओट्यावर चढणारी कुत्री ते जिनं हाकलायचे, तीच. काठीच्या टोकानं त्यांनी माझे केस इकडं केले, तिकडं केले. उजव्या कानाच्या वर चार आण्याच्या नाण्याएवढा गुळगुळीत डाग होता. त्याच्या मागं दुसरा. कपाळाजवळ तिसरा. काठी एकेका डागावर टेकली आणि उचलली.

"चाई आहे," ते म्हणाले.

मी तेव्हा सहावीत होते. मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. आमचं गाव आखाडा बाळापूरपासून दोन कोसांवर. जिल्हा तेव्हा परभणी. बौद्धवाड्यातून सहावीपर्यंत पोचलेली मी एकटीच पोरगी. बाप सालगडी. शाळेत जायला निघाले की माय दारात उभी राहून मी वळणाआड जाईपर्यंत बघायची. तिला माझा फार अभिमान होता आणि तो तिनं कुणाला बोलून दाखवला नाही.

सुगीत केस जायला लागले. आधी फणीत गुंतवळ जास्त यायला लागलं. मग एक दिवस मायच्या बोटाला कातडंच लागलं. आमच्याकडं दुपारी बायका ओळीनं बसून एकमेकींचे केस विंचरायच्या, उवा काढायच्या. त्या ओळीत मला जागा राहिली नाही. आपल्याच बाया आपल्या पोरींना म्हणायच्या, "तिची फनी घिऊ नको, चाई लागती." गावातल्या बाया म्हणायच्या, ह्यांनी देव घराबाहेर काढले, आता देवीनं केस नेले. शाळेत गुरुजींनी मला दाराजवळ वेगळं बसवलं. पोरं डोक्यावर टिचकी मारून पळायची. मी मायचं जुनं फडकं बांधून जायला लागले. मग शाळेतच जाईना. पोटात दुखतंय म्हणायची.

म्हणून माय मला वैद्याकडं घेऊन आली. औषध ते फुकट द्यायचे. सगळ्या गावाला. गाव त्यांना धर्मात्मा म्हणायचं. फक्त आम्ही ओट्याखाली उभं राहायचं आणि औषध वरून पदरात झेलायचं, एवढंच. एवढ्याचं काय वाटून घ्यायचं, असं आमच्यातलेच म्हातारे म्हणायचे.

त्या दिवशी ओट्यावर किराणा दुकानदाराचा थोरला बसलेला. पंचविशीचा. कपाळ मागं सरकायला लागलेलं. त्याचं लग्न जुळत होतं आणि त्याला घोर लागला होता. त्याचं होईपर्यंत आम्ही उन्हात थांबलो. मी सगळं ऐकत होते.

"वैद्यकाका, टोपीनं केस जातात का?"

"टोपीनं जाते ती अक्कल," वैद्य हसले. "केस नाही जात."

"बाबांना टक्कल आहे, मग मला पडणारच का?"

"बापाचं घर घेतोस, शेत घेतोस, टक्कल कसं नको म्हणतोस?"

"चकोट केली की दाट येतात म्हणतात."

"मुळं असतील तर येतील. दगडावर गवत उगवतं का?"

त्यानं आणखी विचारलं. पाणी बदललं तर जातात का. माक्याचं तेल बरं की जास्वंदीचं. किती दिवसांत फरक पडतो. नाहीच आले तर मुलीकडच्यांना आधी सांगावं का. वैद्यांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. बोलता बोलता त्याच्या केसांत हात घातला, टाळू दाबून बघितली, कानामागं बघितलं. प्रेमानं बघितलं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, माझंही असंच बघतील.

मग काठी आली.

आतून त्यांनी एक लहान बाटली आणली. काळं, दाट तेल. वरून मायच्या पदरात टाकली. "चाईवर लाव. सात दिवस."

मायनं बूच काढून वास घेतला. तिला वास ओळखीचा होता. पायात काटा मोडला की ती बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि काट्याच्या जागी चटका द्यायची. बिब्ब्याचं तेल कातड्यावर उततं, फोड येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"महाराज, याच्यात बिब्बा हाय का?"

"असला तर?"

"उततो म्हनून इचारलं. नुसतं लावू का तिळाच्या तेलात कालवू?"

वैद्यांनी दुकानदाराच्या पोराकडं बघितलं. "आता ही मला शिकवून राहिली." तो हसला. मग ते मायला म्हणाले, "औषध मी देतो का तू? लाव म्हटलं की लावायचं. प्रश्न विचारायचे नाहीत."

दुकानदाराच्या पोराचे प्रश्न मी मोजले नव्हते. मायचे दोन होते.

मायनं बाटलीला बूच लावलं. वाकून नमस्कार केला. वाटेत मी म्हणाले, "माय, तू तर म्हनतीस बिब्बा उततो." ती म्हणाली, "त्याहिनं पोथ्या वाचल्यात पोरी. आपल्याला काय कळतंय?"

माझ्या मायला कळत होतं. तिच्या हातांना कळत होतं. तरी तिनं लावलं. कारण ते ओट्यावर होते आणि ती खाली. आज इतक्या वर्षांनी मला राग वैद्याचा येतोच, पण रडू त्या वाक्याचं येतं.

दोन दिवस लावलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी ओरडत उठले. डोक्यात निखारे ठेवल्यागत झालेलं. कपाळ सुजलं, डोळे मिटले, कानाच्या वरून पाणी गळायला लागलं. मायनं तीळ वाटून थापले. मला दिसत नव्हतं, म्हणून कळलं नाही, पण तिचीही बोटं उतली होती. ती दोन दिवस त्याच बोटांनी भाकरी थापत होती. कुणाला बोलली नाही.

बापानं मला खांद्यावर घेऊन बाळापूर गाठलं. तिथून एसटीनं हिंगोली. सरकारी दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि दोन्ही हात माझ्या डोक्याला लावले. हळूच. बोटांनी एकेक केस बाजूला केला. मी रडायला लागले. त्यांना वाटलं दुखतंय. दुखतही होतं.

मलमपट्टी झाली. बाई म्हणाल्या, "काही विचारायचं आहे?"

माय खाली बघत होती. बाप दाराशी. मग मीच विचारलं, "बाई, केस येतील का?"

"चाईचे बहुतेक येतात. वेळ लागतो. कधी कधी परत जातात, परत येतात. पण जिथं कातडं खोल भाजलंय तिथं मुळंच मेली. तिथं येणार नाहीत."

"चाईचे कशानं येतात?"

"कितीकदा आपोआप येतात."

"आन लागती का ती दुसऱ्याला? फनीनं?"

"चाई लागत नाही. कुणाला लागत नाही."

एवढंच होतं. कुणाला लागत नव्हतं आणि कितीकदा आपोआप येत होतं. माय माझ्याकडं वळली. "आपोआप येनार व्हते?" तिनं बाईंना विचारलं नाही, मला विचारलं. "मंग म्या काहून लावलं गं?"

हे तिनं नंतर कितीदा विचारलं त्याला गणती नाही. जेवताना विचारायची. काम करता करता मध्येच थांबून विचारायची. मी सांगायचे, तुझी चूक नाही. तिला ते ऐकू जायचं नाही.

सहा महिन्यांत केस आले. आधी पांढरी लव, मग काळे. कानाच्या वर मात्र तळहाताएवढी जागा तशीच राहिली. चुरगाळलेल्या कागदासारखी. मी शाळेत जायला लागले. डोक्यावरून पदर घ्यायचं वय नव्हतं, तरी ओढणी घट्ट बांधायची.

गावात वैद्य सांगायचे, "माझ्याच औषधानं केस आले. भाजलं ते त्यांना लावायची अक्कल नाही म्हणून." लोक माना डोलवायचे. लोकांना पटायला वेळ लागला नाही.

आणि एक दिवस वैद्यांचा निरोप आला. पोरीला घेऊन ये.

माय खुलली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला मी पाहिला. तिनं माझं तोंड धुतलं, धुतलेली ओढणी दिली. "चूक झाली म्हनत असत्याल," ती म्हणाली. "मोठ्या मानसाला बी वाटतंच की कधी तरी."

अंगणात जीप उभी होती. ओट्यावर नांदेडकडची पाहुणी बाई आणि तिची मुलगी. माझ्याच वयाची. दोन वेण्या, लाल रिबिनी. एक वेणी जाड, एक बारीक. बघितल्याबरोबर मला कळलं. मायलाही कळलं. तिनं माझा हात आवळला.

"ओढणी काढ गं," वैद्य म्हणाले. "बघा ताई. पार चाई पडली होती हिला. आता बघा कसे केस आहेत."

"आणि तो डाग कसला?"

"ह्या लोकांना सांगितलेलं कळत नाही. वाटेल तेवढं फासलं. तुम्ही लावाल ते नीट लावाल." त्यांनी बाटली पुढं केली. काळं तेल. तेच. "पाया पड," ते मला म्हणाले. "केस आले ना?"

मी मायकडं बघितलं. सकाळी उजळलेला चेहरा विझून गेला होता. त्यांनी आम्हाला आपली चूक कबूल करायला नव्हतं बोलावलं. नमुना म्हणून बोलावलं होतं. बाजारात जनावराचे दात दाखवतात तसं माझं डोकं दाखवायला.

ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आमच्यातलं कुणी त्यांच्यावर पाय ठेवलेला मी पाहिला नव्हता. मी चढले.

"खाली उतर."

"न्हाई उतरत."

मी त्या बाईसमोर डोकं वाकवलं. "ह्याच्यात बिब्बा हाय. उततो. मायनं इचारलं व्हतं कशात कालवू, ह्यांनी सांगितलं न्हाई. केस औषधानं न्हाई आले, आपोआप आले. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. हात लावून बघा. चाई कुनाला लागत न्हाई."

बाईनं हात लावला नाही. तिनं आपल्या मुलीला मागं ओढलं. "शिवू नकोस तिला."

मुलगी आईच्या हाताखालून माझ्या डोक्याकडं बघत होती. तिनं हळूच विचारलं, "दुखलं का खूप?"

"व्हय," मी म्हणाले.

पाठीत काठी बसली. दुसरी बसली नाही. मी वळून बघितलं तर माय पहिल्या पायरीवर उभी होती आणि काठीचं टोक तिच्या मुठीत होतं. वैद्य ओढत होते. ती सोडत नव्हती.

"बास, महाराज," ती म्हणाली. "पोरीवर हात न्हाई उचलायचा. माझी अक्कल बराबर व्हती. म्या इचारलं व्हतं."

मग तिनं काठी सोडली. आम्ही घरी आलो.

याचं गावानं कौतुक केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बौद्धवाड्याचं औषध बंद झालं. कुणाचं लेकरू तापलं की बाया आमच्या दारावर येऊन बोलायच्या, "तुमच्या पोरीच्या तोंडापायी." बाप चार दिवस आमच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं माझं दप्तर खुंटीवरून काढून माझ्या हातात दिलं, तेवढंच. शाळेच्या दारात मी ओढणी सोडली. पोरं हसली. गुरुजींनी दाराजवळची जागा दाखवली. मी म्हणाले, "चाई लागत न्हाई, गुरुजी," आणि जाऊन मधल्या ओळीत बसले. माझ्या दोन्ही बाजूंच्या पोरी उठून गेल्या. मी बसून राहिले. घरी येऊन रडले, हेही सांगते.

माय त्यानंतर "म्या काहून लावलं" असं विचारायची नाही. दुसरंच विचारायची. "त्या पोरीला लावलं आसंल का गं?"

जीप गेली तेव्हा बाटली त्या बाईच्या हातात होती की ओट्यावर राहिली, ते आम्ही दोघींनीही बघितलं नव्हतं. त्या मुलीचं नावही ठाऊक नाही. दुखलं का असं मला त्या गावात फक्त तिनं विचारलं होतं. लाल रिबिनीची ती वेणी कधी कधी माझ्या डोळ्यांपुढं येते आणि मला खूप वाईट वाटतं. मी तो ओटा एक दिवस जरी आधी चढले असते, गावभर ओरडत फिरले असते, तर ती बाई आमच्या गावात जीप घेऊन आलीच नसती. मी सहा महिने गप्प होते. ओढणी बांधून गप्प होते.

तेव्हा ठरवलं. मला जे ठाऊक आहे ते मी सांगणार. ऐकणारा नाक मुरडेल, लेकराला मागं ओढेल, तरी सांगणार. पायरीवरून ढकललं तर खाली उभी राहून, आणखी मोठ्यानं.